टपावरचा तंबू

कोकणातून आल्यापासून गाडीच्या टपावरचा तंबू बिल्डिंगखाली उघडाच वाळतो आहे. ओला मिटला तर बुरशी धरते. उघडायला शिडी ओढली की पुरे, एकट्यालाही जमतं. मिटताना मात्र दोघं लागतात. एकाने वरून दाबायचं, दुसऱ्याने बाहेर येणारं कापड आत सारायचं. भांडणाचंही तसंच असावं. सुरू करायला मी एकटा पुरतो.

हा तंबू घेताना मी दुकानदाराला चांगला खाली आणला होता. तेवढ्यात धाकटा भाऊ दिलीप त्याच्यासमोरच म्हणाला, "दादा, झकास आहे, घेऊनच टाकू!" दुकानदार हसला आणि माझी घासाघीस तिथेच संपली. तो राग मी प्रवासभर धरला. परतताना तर बोललोच नाही.

आज दिलीपने वरच्या गॅलरीतून विचारलं, "दादा, येऊ का खाली? एकट्याने नाही व्हायचं ते."

मी कापडावर हात फिरवला. ते कालच खडखडीत वाळलं होतं.

"अजून ओलसर आहे," मी म्हणालो.

"मग वाळेपर्यंत बसतो की तुझ्यासोबत," म्हणत तो निघालासुद्धा.

मी कठड्यावर बसलो, शेजारी जागा ठेवून.