शिवलेली पानं

शेवटच्या तासाआधीचा तास मोकळा मिळाला की शैलजाबाईंचे डोळे मिटतात, हे शाळेतल्या चिमण्यांनाही ठाऊक आहे. आज मात्र त्या वाचनालयाच्या टेबलावर डोकं टेकवतात ते झोपेपेक्षा वैतागाने. हाताखाली खिडक्या बुजवणाऱ्या शहराची ती जुनी कादंबरी आहे. दरवर्षी नववीला ती वाचून दाखवायची, ही इथली रीत. यंदा एका पालकाने कुरकुर केली, पुस्तक फार भेसूर आहे म्हणून. मुख्याध्यापकांनी मनाई केलेली नाही. "बघा बाई, तुम्ही समजूतदार आहात," एवढंच ते म्हणाले. बाईंनी आपणहून पुस्तक कपाटात सरकवलं, तर त्यांचा सुंठीवाचून खोकला जाणार.

पंख्याची घरघर लांब जाते. समोरच्या बाकावर निमकर सर बसलेले आहेत. रीत पाडली ती त्यांनीच. त्यांना जाऊन दोन पावसाळे झाले. हातात सुईदोरा आहे. या पुस्तकाची शेवटची पानं ते शिवून टाकत. मुलांनी आधी आपापला शेवट सांगायचा, मगच दोरा तोडायचा. बाईंनीही ते चालू ठेवलंय.

"सर, तुम्ही इथे?"

"टाका सैल झाला होता," सर म्हणतात. "चला, एसटी चुकेल."

बाई उठतात, तर वाचनालयाचा स्टँड झालेला. फलाटावर सगळं गाव रांगेत उभं आहे आणि विटा हातोहात पुढे जातायत. पलीकडे शाळेच्या खिडक्या एकेक करून बुजत चालल्या आहेत. आत नववीचा वर्ग बसलेला.

"कुणी सांगितलं हे?" त्या पुढच्या माणसाला विचारतात.

"कुणी नाही. शेजारचे बुजवतायत, म्हणून आपणही."

हे वाक्य कादंबरीतलं आहे. बाईंनी कितीदा तरी वाचून दाखवलेलं.

"मुलं घाबरतात, सर. लहान आहेत."

"घाबरू द्या की. आपल्याला भीती फार उशिरा कळते, बाई. तोवर वीट हातात आलेली असते."

बाई खाली बघतात. वीट हातात आहे, अजून गरम. शेवटच्या खिडकीत एकाच विटेची जागा उरली आहे, आणि तिथून वर्गातली प्रणिती डोकावते.

"बाई, पुढे काय होतं?"

बाई सरांकडे वळतात. फलाट नाही, सरांच्या घरची ओसरी आहे, आणि जमिनीवर पिठावर ठेवलेला दिवा, तेराव्यापर्यंत होता तसा.

"तुम्ही सांगा ना, सर."

"मी गेलो, बाई. मला आता वाचून दाखवता येत नाही."

बाईंना रडू फुटतं. रांग मागून ढकलते आहे. त्या वीट पायाशी ठेवतात आणि खिडकीकडे बघून म्हणतात, "शेवटी एक जण वीट पुढे देत नाही. मग त्याचं काय होतं, ते मला माहीत नाही."

सर मान हलवतात आणि पुस्तक पुढे करतात. कात्री नाही. बाई दोरा दातांत धरतात.

"बाई, ठेवलंत ना पुस्तक कपाटात?"

दारात मुख्याध्यापक उभे आहेत. बाई डोकं उचलतात. जिभेला काहीतरी लागतं. त्या बोटांनी काढतात, तर पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा. हाताखाली शेवटची पानं सुटून उघडी पडली आहेत.

"नाही," त्या म्हणतात.

मुख्याध्यापक वळतात. त्यांच्या बुटांचा आवाज ऑफिसपर्यंत जातो आणि दार लागतं. आता काय होईल, ते बाईंना माहीत नाही.

त्या ड्रॉवरमधून सुई काढतात. मुलं यायच्या आत पानं पुन्हा शिवायला हवीत.