मैत्रिणीची आमटी

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. तेव्हा मी नवी नवरी होते, अक्कल थोडी आणि नाक मोठं. शिवाय स्वतःला लेखिका समजायचे. नवऱ्यावर रुसून सांगलीहून साताऱ्याला माहेरी निघाले, पुन्हा न येण्यासाठी. गाडीत समोरची बाई ओच्यातल्या शेंगा फोडत होती. एक दाणा तिच्या तोंडात, एक माझ्या हातात. मी माझंच रडगाणं ‘माझी एक मैत्रीण’ म्हणून रंगवलं: पाहुण्यांसमोर नवरा आमटीला हसला, म्हणून बिचारीनं घर सोडलं.

“खारट हुती व्हय?”

“हो. चुकून दोनदा मीठ पडलं. पण तिनं हे कुणालाच सांगितलं नाही.”

“मग तुला कुनी सांगितलं गं?”

लेखिकाबाईंनी हातातला दाणा घाईघाईनं तोंडात टाकला.

“आन् त्यो का हसला?”

“ते मला काय माहीत?”

“तिच्या पोटातलं समदं ठावं, आन् त्येला येकदा इचारलं बी न्हाई!”

रहिमतपूरला उतरताना तिनं दोन दाणे पुढं केले. “येक तुला, येक तुज्या मैत्रिणीला.”

मीही तिथंच उतरले. सांगलीकडं परतणाऱ्या गाडीत दोन्ही दाणे मीच खाल्ले.