ऑरिनच्या बोटीचं वजन

मार्लिस टोफ्टे गेली चाळीस वर्षं मिनेसोटातल्या एका तळ्याकाठी बोटी दुरुस्त करते, पण बोट आली की ती आधी इंजिनाला हात लावत नाही, मालकाकडे बघते. त्या सकाळी ऑरिनचा चेहरा पडलेला होता. त्याची जुनी बोट पूर्वी ताशी चाळीस मैल पळायची, आता सव्वीसच्या पुढे जाईना. त्याने इंजिनाचे स्पार्क प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, बोट ढकलणारा पाण्यातला पंखाही नवा बसवला. फरक शून्य.

"इंजिनच म्हातारं झालंय गं," तो म्हणाला.

"गप बस आणि गाडी काढ."

ट्रेलरवरची बोट तिने गावातल्या धान्याच्या वजनकाट्यावर नेली. ट्रेलरचं वजन वजा करूनही बोट कंपनीच्या कागदावर लिहिलेल्या वजनापेक्षा सातशे पौंड जास्त भरली.

"काटा बिघडलाय!" ऑरिन ओरडला.

"दर वर्षी तुझं सोयाबीन याच काट्यावर चढतं. तेव्हा नाही बिघडत तो?"

तिथेच तिने बोटीतली एक फळी उचकटली. बोट तरंगती राहावी म्हणून खाली भरलेल्या फोमचा तुकडा कापून मुठीत पिळला. पाण्याची धार ऑरिनच्या बुटांवर पडली. तीस वर्षं तो फोम गुपचूप पाणी पीत होता.

पंधरवड्याने नवा फोम भरलेली बोट पुन्हा चाळीसने पळाली. धक्क्यावर जमलेल्यांना ऑरिन सांगत होता, "मला पहिल्यापासून वजनाचाच संशय होता!"

मार्लिसने बोटीत सापडलेले त्याचे जुने प्लग खिशातून काढले आणि सगळ्यांदेखत त्याच्या हातावर ठेवले.

"हे घे. एकही खराब नव्हता."