शी अक्का आणि नाचणारा आंबा

शी अक्कांना किळस आली की ती आधी डाव्या नाकपुडीत दिसायची. नाकपुडी जराशी वर जायची, तिच्या पाठोपाठ वरचा ओठ, मग मान बोटभर मागे सरकायची आणि सगळ्यात शेवटी, पुऱ्या तयारीनिशी, शब्द यायचा. "शी." ओरडून नाही, लांबवून नाही. ताटात कुणी झुरळ वाढावं, आणि तेही गार, अशा स्वरात. हौशी नाटकांत मी आयुष्यभर तोंड रंगवत आलोय. एका अक्षरात इतका ऐवज भरणारी नटी मला भेटली नाही.

तुम्हाला वाटेल, बाई सोवळ्याओवळ्याच्या असतील. छे. एकदा ऑफिसात प्रिंटरच्या मागे मेलेला उंदीर सापडला. सगळा मराठी विभाग खुर्च्यांवर चढला. मी सर्वांत उंच खुर्चीवर. अक्का उठल्या, वर्तमानपत्राच्या तुकड्यात शेपूट धरून उंदीर बाहेर टाकून आल्या, हात धुतले आणि जागेवर जाता जाता माझ्या पडद्यापाशी थांबल्या. तिथं मागणी-पुरवठ्याचा आलेख होता. नाकपुडी वर गेली.

"शी. अण्णा, अक्षांना नावं कुठं आहेत?"

"घालतो हो नंतर."

"नंतर? तोवर असेच उघडे फिरणार चारचौघांत?"

उंदराला न मिळालेला मान माझ्या आलेखाला मिळाला होता.

आमचं ऑफिस बंगळुराजवळ बोम्मसंद्र्यात, पत्रे ठोकणाऱ्या एका कारखान्याच्या माथ्यावर. मोबाइलवरून शाळकरी मुलांना बीजगणित आणि अर्थशास्त्राची तोंडओळख करून देणारे धडे आम्ही बनवायचो. मी धडे लिहायचो आणि त्यांतले सगळे आवाजही काढायचो: दुकानदार, गिऱ्हाईक, बोलकी तागडी, रुसलेलं समीकरण. अक्का ते तपासायच्या. शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या, यशवंतपूरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांचे पूर्वज बंगळुरात कधी आले हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या मराठीत 'जरा'साठी 'स्वल्प' आणि 'बरं'साठी 'सरी' हे कानडी शब्द इतके मुरलेले की काढायला गेलं तर वाक्यच उसवावं. वयानं मी बराच लहान, पण जुन्या रीतीप्रमाणे मला त्या अण्णाच म्हणायच्या. तपासणाऱ्याच्या पडद्यावर दोन बटणं असत, हिरवं मंजुरीचं आणि तांबडं नामंजुरीचं. तांबडं त्या तर्जनीनं, खणखणीत दाबत. हिरवं दाबायची वेळ आली तर करंगळीच्या टोकानं, आणि मग ते बोट साडीला पुसत.

मुलं समीकरण सोडवताना म्हणतात ना, 'पाच पलीकडे नेला, चिन्ह बदललं', त्यावर अक्कांचा विशेष राग. मी एका धड्यात ते वाक्य मोठ्या झोकात घातलं होतं. पाचाचा आकडा छोटी बॅग घेऊन बरोबरच्या चिन्हाखालून पलीकडे जातो, अशी कल्पना लढवली होती. अक्कांनी धडा थांबवला.

"हा कुठं चालला?"

"पलीकडे."

"कशाला? इकडं काय जड झालं त्याला? आणि सीमा ओलांडली की अधिकाचा वजा होतो? काय खातो हा वाटेत?"

"अक्का, मुलांना लक्षात राहतं."

"तेच तर. घाणही लक्षात राहते." मग शांतपणे, "दोन्हीकडून पाच काढा म्हणावं. कुणी कुठं जात नाही."

पाचाची बॅग गेली. मला त्या बॅगेचा अजून लोभ आहे.

अर्थशास्त्रातही हाच थाट. 'सरकारी शाळेत शिक्षण मोफत मिळते,' असं मी लिहिलं, तर "मोफत? मग मी इतकी वर्षं पगार कुणाचा खाल्ला?" आमच्या विभागाचा प्रमुख निखिल, नागपूरचा उमदा मुलगा. एका शनिवारी त्यानं सगळ्यांना कामावर बोलावलं आणि वर म्हणाला, "लंच फ्री आहे हं, पिझ्झा मागवलाय." अक्कांनी पिझ्झ्याकडे पाहिलं. "निखिल, हा फुकट नाही. ह्याच्यात माझा शनिवार गेला. आज मी दुपारची झोपले असते. ती झोप ह्या पिझ्झ्याची किंमत." आणि एक तुकडा चिमटीत उचलून, "झोप बरी होती," असा निकाल दिला. संधी-खर्च ह्या विषयावर मी लिहिलेली चार पानं मी त्याच संध्याकाळी फाडली आणि झोपेचा पिझ्झा घातला.

पण ही सगळी किरकोळ किळस. अस्सल किळस राखून ठेवलेली होती ती फळांसाठी.

सीमाभागात मराठी शाळा चालवणाऱ्या एका संस्थेनं आमच्याकडे धडे मागितले होते. नमुन्याचा पहिला धडा शुक्रवारी द्यायचा; तो पटला तर वर्षभराचं काम. अट एकच, की धडा अनुभवी शिक्षकानं मंजूर केलेला हवा. काम मिळालं नाही तर मराठी विभाग बंद आणि आम्ही सगळे हिंदी विभागात किंवा घरी, हे निखिलनं आम्हाला सरळ सांगितलं होतं. धडा होता समीकरणांची ओळख, बाहेरच्या चित्रकारांकडून करून आणलेला, चकचकीत. त्यात एक आंबा होता. पिवळाधमक, गोबरा, पायात बूट. तो उड्या मारत यायचा, कंबर हलवायचा आणि माझ्या आवाजात म्हणायचा, "मी नुसता आंबा, मला म्हणा एक्स!" मागून केळं यायचं, ते वाय. मी त्या आंब्यावर जीव ओवाळून टाकला होता.

गुरुवारी सकाळी अक्कांनी तो पाहिला. नाकपुडी, ओठ, मान. तर्जनी. तांबडं.

निखिल धावत आला. "अक्का, इट्स जस्ट अ मँगो. मुलांना आवडतो."

"मलाही आवडतो, ताटात. बीजगणितात त्याचं काय काम?"

"म्हणजे एक्स कशाला म्हणतात ते सोपं करून..."

"सोपं? बस इथं." त्यांनी फळ्यावर लिहिलं: ३x = ६०. "एक्स म्हणजे आंबा ना? वाच आता."

"तीन आंबे बरोबर साठ."

"साठ काय?"

"रुपये."

"ते रुपये कुणी लिहिलेत? पोर वाचणार, तीन आंबे बरोबर साठ आंबे. असा बाजार कुठं असेल तर पत्ता दे, मी पिशवी घेऊन जाते." निखिल हसला. अक्का हसल्या नाहीत. "एक्स आकडा आहे रे. आंब्याचा भाव असेल, आंब्याचे नग असतील, वजन असेल. आंबा नाही. आज पोर एक्स म्हणजे आंबा असं शिकलं, की पुढच्या महिन्यात तुम्हीच शिकवणार, एक्स वाढला की मागणी घटते. काय वाढलं? आंबा फुगला? आमच्या वर्गांत पोरं इथंच मरायची. दहावीपर्यंत एक्स बघितला की फळ शोधायची. शी."

निखिलला पटलं होतं, पण इलाज नव्हता. नवी चित्रं करून घ्यायला दोन आठवडे लागणार आणि धडा उद्या द्यायचा. तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "काका, तुम्ही समजवा ना. त्यांनी हिरवं दाबलं नाही तर सोमवारी मी सगळ्यांना काय सांगू?"

मी समजवायला गेलो. अक्का डबा उघडून बसल्या होत्या, भाताला हात लागला नव्हता. "अण्णा, विभाग बंद होईल हे मला कळतं. तिथं बसलेल्या सगळ्यांच्या घरची चूल मला कळते. पण खोट्यावर मंजुरी देणार नाही. तुम्ही दुसरा मास्तर आणा."

दुसरा मास्तर एका दिवसात कुठून आणणार? मी नट माणूस, मला नटाचंच सुचलं. म्हणालो, "चित्र बदलता येत नाही, पण आवाज बदलता येतो. आंब्याचं तोंड ज्या जागी मिटतं त्या जागी आपले ओठ मिटले पाहिजेत, बस. आंब्याला दुसरं काहीतरी बोलायला लावू."

नाकपुडी अर्धी वर जाऊन थांबली. "सरी," त्या म्हणाल्या. "दाखवा त्याला. आवाज बंद करून."

आता आमच्या ध्वनिमुद्रणाची तऱ्हा सांगितली पाहिजे. खालच्या कारखान्यात पत्रे ठोकण्याचं यंत्र चाले, आणि त्याचा दणका खांबांतून थेट आमच्या माइकात येई. म्हणून आमचे राजे, दुकानदार, समीकरणं, सगळे कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीतच बोलत. भोंगा झाला की सुरू, पुन्हा भोंगा झाला की गप्प. त्या दुपारी भोंगा झाला तेव्हा गोधड्या लावलेल्या त्या खोलीत आम्ही तिघं होतो: ध्वनिमुद्रक मंजुनाथ, मी आणि अक्का. समोर पडद्यावर मुका आंबा कंबर हलवत होता.

त्याच्याकडे पाहत आम्ही दोघं तोंडं हलवू लागलो. मी सुचवायचो, अक्का चघळून पाहायच्या. "'मी नुसता आंबा' राहू दे, ते खरं आहे," त्या म्हणाल्या. अडचण होती पुढच्या तुकड्याची. 'मला म्हणा' म्हणताना आंब्याचे ओठ दोनदा मिटत होते. मी म्हटलं, "किंमत आहे एक्स." अक्कांनी तोंड करून पाहिलं. "नाही, 'कि'ला ओठ उघडे. तो मिटून बसलाय." मग "पैसे माझे एक्स"? "नुसते पैसे नव्हे, एका आंब्याचा दर." वयस्क, करड्या केसांची, ताठ पाठीची ती बाई बूट घातलेल्या आंब्याच्या तोंडाला तोंड लावून हवेतले घास खात होती, आणि प्रत्येक घासागणिक चेहऱ्यावर अशी कळा की आंबा सडका निघाला असावा. मंजुनाथ पाठ फिरवून हसत होता.

एकदम त्या थांबल्या. "स्वल्प थांबा. माझा भाव. मला म्हणा, माझा भाव. म आणि भ, दोन्हीला मिटतात." आणि पूर्ण म्हणून दाखवलं, "मी नुसता आंबा, माझा भाव एक्स."

पडद्यावर आंबा तेच म्हणत होता. जन्मापासून तेच म्हणत आला होता जणू.

मी माइकसमोर उभा राहिलो आणि झोकात म्हटलं. अक्कांनी मान हलवली. पुन्हा म्हटलं. "नाही. तुमचा आंबा खूश आहे, अण्णा. स्वतःला एक्स म्हणवून घेण्याचा त्याला राग यायला पाहिजे. सगळी पोरं त्याला एक्स म्हणतात, त्याला शिसारी आलीय." मी शिसारी आणली. अक्का म्हणाल्या, "ही नाटकातली."

मंजुनाथनं घड्याळाकडे बघितलं. "अक्का, नीवे हेळी," म्हणजे तुम्हीच म्हणा, असं म्हणून त्यानं माइक खाली केला. अक्का माइकपासून बोटभर मागे उभ्या राहिल्या, जसं त्या कुठल्याही घाणीपासून राहत, आणि एकदाच म्हणाल्या. आणखी एकदा घेऊ का, असं मंजुनाथनं विचारलं, तर "बरोबर आलंय ना? मग पुन्हा कशाला?" तेवढ्यात भोंगा झाला आणि खालून पहिला दणका आला.

मंजुनाथनं कळ फिरवून तो आवाज माझ्या आंब्याइतका बारीक केला. वय गेलं, बाई गेली. किळस जशीच्या तशी राहिली. त्यातलाच 'माझा भाव' कापून त्यानं केळ्याच्या 'वाय'आधी जोडला. नाचता नाचता आंबा एकाएकी थबकल्यासारखा वाटायचा, सगळ्या जगाचा वीट आल्यासारखा सांगायचा की मला एक्स म्हणू नका, एक्स माझा भाव आहे. धड्यात इतकं विनोदी दुसरं काही नव्हतं, आणि ते मी लिहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी अक्कांनी धडा पुन्हा पहिल्यापासून पाहिला. मराठी विभाग पाणी पिण्याच्या निमित्तानं त्यांच्या पाठीमागे गोळा झाला. इतकं पाणी त्या ऑफिसात कधी प्यायलं गेलं नसेल. शेवटपर्यंत पाहून त्यांनी करंगळी पुढे केली. हिरवं.

निखिलनं सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे आता आवडला ना आंबा, अक्का?"

"नाही," त्या बोट साडीला पुसत म्हणाल्या. "किळस तेवढीच आहे. पण आता तो खोटं बोलत नाही."

काम मिळालं. वर्षभर आमच्याकडे वांगी, वह्या, बैलगाड्या, जे जे आलं ते ते आपला भाव की नग की वजन, हे आधी सांगून मगच नाचलं. धडे संपले तशा अक्काही निघाल्या, देवनहळ्ळीला भावाकडे राहायला. शेवटच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर खाली रस्त्यावर रिक्षासाठी उभा राहिलो. निरोपाचं बोलायला मला कधीच जमत नाही, म्हणून त्यांचीच नक्कल केली. नाकपुडी, ओठ, मान, सगळं यथासांग करून म्हटलं, "मी नुसता आंबा, माझा भाव एक्स."

त्यांनी ती तपासली. सवयच ती.

"जोर चुकला, अण्णा. तुम्ही 'भाव'वर देताय. भाव सगळ्यांनाच असतो. जोर 'माझा'वर. कुणाचा ते आधी सांगायचं, मग बाकीचं."

रिक्षा आली. बसायच्या आधी त्यांनी सीटवर रुमाल पसरला, मीटर चालू आहे ना हे वाकून पाहिलं, आणि गेल्या.

आता मित्रमंडळी जमली की मला शी अक्का करायला सांगतात आणि मीही आढेवेढे घेत नाही. नाकपुडी उत्तम जमते, मान जमते, 'शी' तर अशी जमते की जेवायला बसलेल्यांचे हात थांबतात. लोक पोट धरून हसतात. मग मी आंब्याच्या वाक्याला येतो, आणि दर वेळी माझा आंबा कुठंतरी खूश होतो. तो 'माझा' मला अजून म्हणता आलेला नाही.