आत्याच्या कपाळावरचं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. वडिलांना नाही, धाकट्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून – की आता गप्प राहणंच जड झालंय म्हणून? नक्की सांगता येत नाही.

आई गेल्यावर मला आत्यानं वाढवलं. सांगवीचं आमचं घर, मळा, सगळं तिच्याच हातात. वडिलांनी मला पुण्याला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात घातलं, तेव्हा बारामतीच्या स्टेशनावर तीच रडली. सुट्टीत घरी आले की विचारायची, "काय गं, तुज्या मडमांच्या देवाला मराठी कळतं का?" आणि स्वतःच हसायची. मी हसत नसे.

कारण बोर्डिंगात एक सिस्टर होती. मी अबोल म्हणून मला कधी टोकलं नाही अशी ती एकटीच. धर्माच्या वर्गात ती सांगायची – चर्चच्या बाहेर तारण नाही, मुक्ती नाही. माणूस कितीही भला असो. मला भीती वाटायची ती स्वतःसाठी नव्हे, आत्यासाठी. आणखी एक तिनं सांगितलं होतं: माणूस मरायला टेकला असेल तर बाप्तिस्मा देऊन त्याला चर्चमध्ये कुणीही घेऊ शकतं. कपाळावर तीन वेळा पाणी, तोंडानं पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाचे ते शब्द. बस.

मी सोळा वर्षांची असताना, मे महिन्याच्या सुट्टीत, आत्यानं अंथरूण धरलं. तिनं एकच मागितलं – नरसिंहपूरच्या संगमाचं पाणी. वडील जाऊन लहानसा गडू भरून घेऊन आले. "पोरीच्या हातनंच द्या मला," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या न्हाय."

त्या दुपारी वडील डॉक्टरांना आणायला बारामतीला गेले होते. खोलीत आम्ही दोघीच. तिचा श्वास अडखळायला लागला. मी गडू उचलला – आणि काय केलं? तिच्या कपाळावर ओतला. एकदा, दोनदा, तीनदा. इंग्रजीत ते शब्द पुटपुटले. सगळं पाणी उशीत गेलं.

तिनं डोळे उघडले.

"तोंडात घाल की गं. कपाळावर कशापायी?"

गडू रिकामा होता. मी माठातलं पाणी घेतलं, चमच्यानं तिच्या तोंडात घातलं आणि म्हणाले, घे आत्या, संगमाचं. तिनं गिळलं. "ग्वाड हाय," म्हणाली. वडील येईपर्यंत ती गेली होती.

शाळा उघडल्यावर मी सिस्टरला सांगितलं. शाबासकीसाठीच – खोटं कशाला बोलू? तिचा चेहरा उतरला. आत्याला ते हवं होतं का, तिनं विचारलं. नव्हतं? मग तो बाप्तिस्माच नव्हे. मोठ्या माणसाची स्वतःची इच्छा लागते. आणि ज्यांना चर्च कळलंच नाही, त्यात त्यांचा दोष नाही, ते मनापासून देवाला धरून असतील, तर देव त्यांना टाकत नाही – हीही चर्चचीच शिकवण आहे, म्हणाली.

मग हे आधी का नाही सांगितलंत?

"तुम्ही मुली लहान होतात. इतकं खोलात कशाला शिरायचं?" तिनं माझ्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला. मी मागे सरले.

तिनं अर्धंच सांगून मला फसवलं. हे मी वर्षानुवर्षं मनात घोळवत राहिले, आणि ते खरंच आहे. पण माठाकडे मला तिनं पाठवलं नव्हतं.

आत्याच्या वर्षश्राद्धाला वडील पंगतीत सगळ्यांना सांगत होते – पोरीच्या हातनं संगमाचं पाणी पिऊन गेली, भाग्याची. मी भात वाढत होते. ऐकलं, आणि पुढच्या पानाकडे सरकले.