ऑटोवर टाकलेली मोटार

निलंग्यात फारूकभाई विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतात. गिऱ्हाईक आलं की त्यांचं पालुपद ठरलेलं: "ऑटो लावला की माणूस विहिरीकडं बघायचं सोडतो." ऑटो म्हणजे आपोआप चालणारा स्विच: वीज आली की मोटार सुरू, मालक घरी निवांत. विहिरीत पाणी नसलं तरी मोटार कोरडी फिरते आणि जळते. त्यांची लेक नाझनीन हे ऐकतच वाढली, पण मनावर कधी घेतलं नाही.

ती आता एका साखर कारखान्यात सर्व्हर सांभाळते. त्यावर पडद्यामागे पंधरा-वीस प्रोग्राम चालतात. त्यांना सर्व्हिस म्हणतात. त्यातली एक रोज सकाळी शेतकऱ्यांना ऊसतोडीची पाळी मोबाइलवर कळवते. 'हो' असं उत्तर आलं नाही तर तोडणीची टोळी पुढच्या शेतात जाते. ही सर्व्हिस अधूनमधून बंद पडायची. नाझनीननं वैतागून हुकूम लिहून ठेवला: पडली की उठव, कितीही वेळा. तेव्हापासून पडद्यावर सगळे दिवे हिरवेगार. साहेब खूश, तीही खूश.

माघात साखराबाई नावाच्या एक ऊसवाल्या शेतकरी बाई ऑफिसात आल्या. "पोरी, शेजारच्या व्यंकटला रोज ढीगभर मेसेज. मला एक न्हाई. उसाला तुरे आले की, वजन घटायलंय."

"सिस्टिम चालू हाय, मावशी. मोबाइल बघा तुमचा."

तरी तिनं नोंदी उघडल्या. यादीत चाळिसाव्या नावापुढं नंबरच नव्हता. सर्व्हिस तिथं आपटायची, उठायची, पुन्हा पहिल्या नावापासून सुरू. सकाळभर हेच, पंधरा दिवस. एकेचाळिसावं नाव साखराबाईंचं होतं. त्यांच्याखालचे तीसजण नशिबाला बोल लावून गप्प होते.

तिचे साहेब दयानंद तिच्या कानाशी हळूच म्हणाले, "मोबाइल कंपनीवर ढकल."

नाझनीन साखराबाईंकडं वळली. "मावशी, चूक माझी हाय."

"ते कळलं. टोळी कधी येती?"

टोळी चार दिवसांनी येणार होती. तोवर उसाचं वजन आणखी घटणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. साखराबाई उठल्या. नाझनीननं यादीतला राहिलेला नंबर भरला, त्या तिसांना एकेक करून फोन लावले आणि हुकूम बदलला: तीनदा पडली तर पडू दे, मला कळव.

संध्याकाळी दुकानात एक जळालेली मोटार आली. फारूकभाईंनी गिऱ्हाइकाकडं बघून नेहमीच्या पालुपदासाठी तोंड उघडलं.

"अब्बा," नाझनीन म्हणाली, "त्याला नको. मला सांगा."