परत न आलेल्या पिशव्या

रोपवाटिकेत तिला सगळे मावशी म्हणत. मुकादम तेवढा ताई म्हणे, कारण तो तिच्या पाठचा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता. तिनंच त्याला भरवलं, वाढवलं आणि पुढं त्याच्याच हाताखाली कामाला लागली.

उघड्या पडलेल्या डोंगरावर मूळच्या रानातलं एकच म्हातारं झाड उरलं होतं. फळणार सहा-सात वर्षांतून एकदा, आणि बी आठवडाभरात पेरलं नाही तर मेलंच. एवढे नखरे व्याह्यांनीही केले नसते. मावशीनं ते बी वेचलं, चारशे प्लास्टिकच्या पिशव्यांत लावलं आणि तीन वर्षं सावलीत जपलं. रोपं वाढली किती, तर वीतभर.

"ताई, तुझ्या या कार्ट्यांनी डोंगर हिरवा होतोय होय?" मुकादम म्हणायचा.

त्याच साली पावसात दरड सुटली आणि म्हाताऱ्या झाडाला घेऊन खाली गेली. आता त्या जातीचं जे काय उरलं, ते त्या पिशव्यांत.

साहेब पाहणीला येणार म्हणून सगळी रोपं एका सकाळीत डोंगरावर लागली. मावशीचा गुडघा सुजलेला, ती खालीच राहिली. लावताना पिशवी काढायची आणि रिकाम्या पिशव्या धुवायला खाली पाठवायच्या, अशी तिथली रीत. संध्याकाळ झाली तरी एकही आली नाही.

"पिशव्या कुठायत रे?"

"वाऱ्यानं उडाल्या."

"चारशेच्या चारशे?"

"वरती वारा काय असतो, ते तुला खाली बसून काय कळणार, ताई."

खोटं बोलताना भाऊ कान खाजवतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक. आताही खाजवत होता. पण साहेबांनी पाठ थोपटली म्हणून स्वारी खुशीत होती. तिनं डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

दोन उन्हाळे गेले. रोपं वाळली असं कुणीतरी बोललं, तशी ती बसत-उठत वर चढली. एक रोप ओढलं. ते अख्खं हातात आलं, पिशवीसकट. आत मुळं गोल गोल फिरून अंबाड्यासारखी आवळलेली. दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. चार दिवस ती उपटत होती. जिवंत एकही नव्हतं.

पिशव्या तिनं धुतल्या, वाळवल्या आणि भाऊ जेवत होता तिथं त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवल्या.

"वाऱ्यानं परत आणल्या."

त्यानं कान खाजवला, घास गिळला. "बरं झालं. भराभर वाढणारी परदेशी रोपं करायचीत, त्यांना लागतीलच. तूच भर."

मावशी खरंच भरायला बसली. फक्त माती घालायच्या आधी प्रत्येक पिशवीच्या बुडाला ब्लेडनं चार चिरा देत होती.

"चांगल्या पिशव्या फाडतेस कशाला?"

"तू काही त्या काढायचा नाहीस," ती मान वर न करता म्हणाली, "आणि मी काही विचारायची नाही."